गेणूभाऊ, तू झोपला नव्हतास

गेणूभाऊ, परवा तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून लोक दोन पावलं मागं सरतात न सरतात तोच उतरला, दोन चोची मारल्या आणि गेला. सगळ्यांनी हुश्श केलं. "गेणूचं काही राहिलं नव्हतं, समाधानानं गेला," असं पाटील म्हणाले आणि लोक धोतरं झटकत घाट चढायला लागले. मी आपला लांब बाभळीखाली उभा. आम्हा ख्रिस्ती लोकांत हे नाही, त्यामुळं कावळ्यावर विश्वास ठेवायचं मला काही कारण नाही. पण कारण असतं तरी मी ठेवला नसता. तुझं काही राहिलं नव्हतं? अरे, काय राहिलं होतं ते मला माहीत आहे ना! प्रवरेच्या काठावर जमलेल्या त्या माणसांत ते माहीत असलेला मी एकटा होतो. निदान त्या सकाळपर्यंत मला तसं वाटत होतं. त्या कावळ्याला भूक लागली होती, बाकी काही नाही.

बघ, मेल्यावरसुद्धा तुझ्या बाबतीत मी संशयानंच सुरुवात केली. तू मला शेवटपर्यंत 'तुमी' म्हणालास आणि मी तुला 'तू'. वयानं तू दोन वर्षांनी मोठा होतास. ते आता बदलावं असं वाटतं, पण जीभ वळत नाही.

लढाईच्या त्या वर्षांत लष्करानं खांब रोवत आपल्या टेकडीवर टेलिफोनची तार आणली, पत्र्याचं एक छप्पर उभारलं आणि आभाळावर नजर ठेवायला गावातली दोन माणसं मागितली. काम ऐकायला सोपं. विमान दिसलं किंवा ऐकू आलं की वहीत लिहायचं: किती आहेत, कुठल्या अंगानं आली, किती उंच, किती वाजता. शेवटच्या रकान्यात आपलं, परकं की अनोळखी. मग हँडल फिरवून नगरला कळवायचं. लिहिता येतं म्हणून मिशन शाळेचा मास्तर, म्हणजे मी. तेव्हा शाळा सकाळची होती, दुपारी मी मोकळा. आणि लष्करात राहून आलेला म्हणून तू.

पहिल्या दिवसापासून मला तुझा संशय. ऐकायच्या कामावर एका कानाचा माणूस! रंगूनला बाँब पडला तेव्हा तुझा डावा कान गेला, हे गावाला ठाऊक होतं. लष्करानं घरी धाडलेला माणूस लष्करच परत कामाला लावतं, म्हणजे यात काहीतरी पाणी मुरतंय, असं मी घरी मार्थाला म्हणालो. ती म्हणाली, "तुम्हाला कुठं मुरत नाही ते सांगा."

आणि वर तुझा तो रांजण! कुठून तरी एक जुना, कोरडा रांजण तू डोक्यावर वाहून आणलास आणि छपराशेजारी कंबरभर पुरलास. मला वाटलं, पाण्याला. तर तू त्याच्या तोंडाशी उकिडवा बसून, डोकं आत घालून, चांगला कान तळाकडं करून बसायला लागलास. "मानसाच्या आदी मडक्याला कळतंय, मास्तर. घुमाया लागतंय." मी हसलो. मग चोरून पारख करायला लागलो. तू डोकं वर काढून "येतंय, उगवतीकडनं" म्हणालास की मी मनात आकडे मोजायचो. शंभराच्या पुढं जायचो तेव्हा कुठं माझ्या दोन धडधाकट कानांना घूं घूं ऐकू यायचं. माझा इतका जळफळाट व्हायचा म्हणून सांगू! खाली शेरडं चारणाऱ्या लोकांना टेकडीवर काय दिसायचं? रांजणात मुंडी घालून गेणू गाढ झोपलाय आणि मास्तर बिचारा एकटा पहारा करतोय. मी त्यांना कधी खरं सांगितलं नाही. तसं कुणी विचारलंही नव्हतं.

आपलं भांडण त्या शेवटच्या रकान्यावरून. भिंतीला विमानांच्या काळ्या चित्रांचा तक्ता होता, तो मी पाढ्यासारखा पाठ केलेला. विमान डोक्यावरून जायचं, पंखाखालची खूण मला स्वच्छ दिसायची, आणि तू म्हणायचास, "अनोळकी लिवा."

"अरे, खूण दिसतीये की धडधडीत!"

"दिसू द्या. अनोळकी लिवा."

एकदा मी वही आपटली. म्हटलं, नगरचे लोक विचारतात, रोज रोज अनोळखी विमानं तुमच्याच टेकडीवर कशी येतात? तेव्हा तू सांगितलंस. धाकटा धोंडी आणि तू, दोघं खेचरांच्या कंपनीत. रंगूनला भर बाजारात उभे होतात. वर विमानं आली, ओळीनं, उन्हात चमकत. धोंडी विचारतो, दादा, कुनाची रं? "म्या म्हनलं, आपलीच हायेत. बघ की, काय झ्याक दिसत्यात. आनी त्यो बघत ऱ्हायला, मास्तर. मान वर करून. पळालाच न्हाई."

यावर माणसानं गप्प बसावं. मी काय म्हणालो आठवतं? म्हणालो, "एकदा चुकलास म्हणून काय जन्मभर अनोळखीच लिहायचं?" तू माझ्याकडं बघून म्हणालास, "मंग किती डाव चुकायचं आसतं?" मी चिडलो. ते भांडण अजून तिथंच पडलं आहे.

माझीही एक चूक होती, ती तू तुझी सांगायच्या आधीच गावभर झालेली. काम सुरू होऊन महिना झाला नव्हता. तू पाणी आणायला खाली गेला होतास. टेकडीच्या पलीकडून धडधड ऐकू आली आणि त्याच अंगाला, खूप उंचावर, तीन काळे ठिपके. हँडल फिरवलं आणि कळवलं: तीन विमानं, परकी. नगरला घंटा झाल्या, दुकानांच्या फळ्या पडल्या, माणसं चरांत जाऊन बसली म्हणे. ती तीन गिधाडं होती. आणि धडधड होती पाटलांच्या गुऱ्हाळाची. त्यांनी बैलांच्या चरकाला फाटा देऊन नवंकोरं ऑईल इंजिन बसवलं होतं, ते त्याच दिवशी चालू केलं होतं. दुसऱ्या दिवशी नगरहून लष्कराचा साहेब मोटारीनं आला. गुऱ्हाळावर उभा राहून रस प्याला आणि चारचौघांत म्हणाला, "मास्तर, तुमच्या विमानात रस फार गोड मिळतो." गाव खो खो हसलं. वर्गात मी फळ्याकडं तोंड केलं की मागून पुक पुक पुक सुरू. मार्थासुद्धा पदराआड हसली, मी पाहिलं.

तेव्हापासून कुठलाही आवाज आला की आधी मला गुऱ्हाळच आठवायचं. मी ऐकायचो इंजिन आणि मनात दिसायचा रसाचा पेला हातात घेतलेला साहेब. तू तेच इंजिन ऐकायचास आणि तुला धोंडी दिसायचा. एका छपराखाली बसलो होतो रे आपण, पण तुझ्या डोक्यावरचं आभाळ वेगळं होतं आणि माझ्या डोक्यावरचं वेगळं. तुला निदान ते कळत होतं. मला वाटायचं, मी तेवढा शहाणा आणि तू घाबरट.

आता त्या दुपारचं लिहितो. लिहायचं टाळत टाळत इथवर आलो.

गुऱ्हाळाचे दिवस होते. खालून इंजिनाची पुकपुक सकाळपासून चालूच. तू रांजणात होतास. एकदम डोकं काढलंस आणि माझ्या अंगावर ओरडलास, "मास्तर, लिवा! येकच हाय. पर इंजान खोकतंय त्याचं. बंद पडतंय, परत धरतंय. घिरट्या घालतंय, जागा हुडकतंय त्ये!" मी घड्याळ बघितलं. तीन वाजून वीस मिनिटं. सवयीनं बघितलं, पण बघितलं.

मी म्हणालो, "गुऱ्हाळ आहे."

"गुऱ्हाळ खालनं येतंय. ह्ये वरनं हाय."

"एका कानाला वरचं-खालचं कळतं होय रे? खोकणारं इंजिन पाटलांचंच. काल दिवसभर खोकत होतं."

"मास्तर, पाया पडतो. नगरला सांगा. मानसं धाडत्याल, डागदर धाडत्याल. त्येला उतराया जागा न्हाई."

तू हँडलकडं आलास आणि मी त्यावर हात ठेवला. तू मला ढकलू शकला असतास. माझ्या दुप्पट ताकद तुझ्यात. पण मास्तरच्या अंगाला कसा हात लावायचा, म्हणून तू तसाच उभा राहिलास. मग पुन्हा रांजणात डोकं घातलंस, काढलंस, पुन्हा घातलंस. मी ठरवून बसलो होतो की आता हसू करून घ्यायचं नाही. एक सांगू? माझ्याही कानावर वरचा आवाज आला होता. थोड्या वेळानं आला, पण आला. मी स्वतःला म्हणालो, गुऱ्हाळ, गुऱ्हाळच.

तीन चाळीसला ते डोंगराच्या कडेनं बाहेर आलं. एवढंसं विमान, मागं धुराची रेघ. तेव्हा मी हँडल फिरवलं. ते नदीपलीकडच्या माळावर टेकलं, दगडांवरून उडालं आणि उलटं झालं. तू टेकडीवरून कसा पळालास, मला अजून दिसतं. विमान चालवणाऱ्या त्या पोराला तू आणि गुऱ्हाळावरच्या गड्यांनी ओढून काढलं आणि बाजेवर घालून चावडीपर्यंत आणलं. विशीतला असेल. शुद्धीत होता. पाणी मागत होता. तू त्याचा हात धरून बसला होतास आणि सांगत होतास, "आलीच गाडी, आलीच." डॉक्टरची गाडी आली तेव्हा त्याला जाऊन थोडाच वेळ झाला होता. किती थोडा? मी घड्याळ बघितलं होतं, गेणूभाऊ. वीस मिनिटांपेक्षा कमी. हे मी कालपर्यंत बायकोलाही सांगितलं नव्हतं.

गाडी वेळेत आली असती तर तो वाचला असता का? डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही. मी त्या एका वाक्याला किती वर्षं चिकटून राहिलो! वहीतला शेवटचा रकाना मात्र मी लगेच भरला. आपलं.

आणि वेळेच्या रकान्यात लिहिलं, तीन चाळीस. प्रथम ऐकू आले, तीन चाळीस. कळवले, तीन एकेचाळीस. मग तुला जवळ बोलावलं आणि वाचून दाखवलं. वाचताना मी म्हणालो, "ऐकू आले, तीन वीस." माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. तुझ्या हाताला अजून त्या पोराचं रक्त होतं. ते तू धोतराला पुसलंस, शाईत अंगठा बुडवलास आणि मी बोट ठेवलं होतं तिथं उठवलास. मास्तर खोटं वाचील हे तुझ्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. संशय घ्यायचं खातं आपल्या दोघांत माझ्याकडं होतं.

चौकशीला दुसरा साहेब आला. चावडीत सगळं गाव. कारकुनानं मोठ्यानं वाचलं: प्रथम ऐकू आले, तीन चाळीस. शेरडंवाले पुढं झाले आणि देवाशपथ सांगितलं, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, गेणू रांजणात मुंडी घालून झोपला होता. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी जे रोज पाहिलं होतं तेच सांगितलं. साहेबानं तुला विचारलं, "तुला पहिल्यांदा कधी ऐकू आलं?"

तू माझ्याकडं बघितलंस. मी खिडकीबाहेर बघत होतो, पण तू बघतोयस ते मानेला कळत होतं. किती वेळ बघितलंस कुणास ठाऊक. मग म्हणालास, "मास्तरांनी लिवलंय त्येच खरं."

तुला काढून टाकलं. तुझं नाव पडलं डुलक्या गेणू. पोरं तुझ्या मागून घोरल्याचा आवाज काढत जायची. एक माणूस झोपला आणि एक पोरगा मेला, एवढीच गोष्ट गावात उरली. मी टेकडीवर नवा जोडीदार घेऊन लढाई संपेपर्यंत बसलो. रांजण मीच फोडायला लावला. बघवत नव्हता.

आणि मग तू यायला लागलास. दर बाजाराच्या दिवशी, शाळेच्या ओट्यावर. पाणी मागायचास, पागोटं काढून मांडीवर ठेवायचास आणि म्हणायचास, "काय म्हनताय मग, मास्तर?" बास, एवढंच. मी पावसापाण्याचं बोलायचो, पोरांच्या परीक्षेचं बोलायचो. तू हं हं करायचास. थोडा वेळ बसून, "बरं, येतो," म्हणून उठायचास. पुढच्या बाजाराला पुन्हा हजर.

माझी झोप उडाली. हा का येतो? याला कळलंय का? कळलंय तर बोलत का नाही? बोलत नाही म्हणजे काहीतरी हवंय. मी तुला माझा चांगला कोट देऊ केला. तू म्हणालास, "कशापायी?" तुझ्या थोरल्याला मी फुकट शिकवणी देतो म्हणालो. "त्यो शिकतोय की वर्गात. जादा कशापायी?" घेत का नाही हा? मग मला वाटलं, काही न घेता मला असा टांगून ठेवण्यातच याला गोडी वाटते. मी तुझ्या मागावर माणसं सोडली म्हण ना. न्हाव्याला विचार, वाण्याला विचार: गेणू काही बोलतो का माझ्याबद्दल? सगळे म्हणायचे, मास्तरांचं नाव निघालं की गप्प बसतो. झालं! गप्प बसतो म्हणजे नक्कीच काहीतरी. मार्था एकदा वैतागून म्हणाली, "तो काही मागत नाही हेच तुम्हाला खुपतंय. मागितलं असतं तर देऊन मोकळे झाला असता." माझ्या बायकोला काय ठाऊक नव्हतं ते मी वर लिहिलं आहे. तरी तिनं बरोबर बोट ठेवलं.

लाज वाटते सांगायला, पण आता सांगायलाच बसलो आहे. मी तुझा द्वेष केला. माझ्यामुळं तुझं नाव गेलं, आणि वर तुझाच द्वेष केला.

तू तापानं फणफणलास तो आठवडा. शाळेत माणूस आला: गेणूभाऊ बोलावतायत, आत्ता चला. पोरं गणितं सोडवत होती. मला वाटलं, आला तो दिवस. अंथरुणाभोवती भाऊबंद बसलेले असणार, आणि त्यांच्यासमोर हा मला उघडा करणार. मरताना माणूस खोटं बोलत नाही असं लोक धरून चालतात. मी निरोप्याला म्हणालो, शाळा सुटली की येतो. शाळा सुटल्यावरही वह्या तपासत बसलो. पोचलो तेव्हा तुला अंगणात घेतलं होतं.

म्हणजे टेकडीवरच्या त्या दुपारीनंतर दुसऱ्यांदा तू हाक दिलीस आणि दुसऱ्यांदा मी बसून राहिलो. यावर आणखी काय लिहू?

दहाव्याच्या दिवशी घाटावरून सगळे परतले तेव्हा मी तुझ्या घराशी रेंगाळलो. सगुणावहिनी भांडी घासत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, गेणूभाऊनं मला कशाला बोलावलं होतं?" मला वाटतं, तेव्हाही मी कानोसाच घेत होतो. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"मास्तर, ते दर बाजाराला तुमच्याकडं का येत हुते, ठावं हाय का तुमास्नी?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"घरनं निघताना म्हनायचे, आज मास्तर बोलत्याल बग. आनी परत आले की म्हनायचे, आज न्हाई जमलं त्यास्नी. लई कोंडलंय बिचाऱ्याच्या मनात. बोलला तर मोकळा हुईल."

"म्हणजे त्याला माहीत होतं?"

"वाचता येत न्हवतं. पर येळ कळत न्हवती व्हय? रोज टेकडीवर बसनारा मानूस. खांबाची सावली कुठं हाय बगून सांगायचे. कारकुनानं वाचलं तवाच कळलं त्यास्नी."

"मग बोलला का नाही चावडीत?"

"म्याबी हेच इचारलं. तर म्हनाले, धोंडीच्या टायमाला माज्याकडं कुनी बोट दावलं न्हाई. म्याच मला खातोय. मास्तरला बोट दावून काय हुनार? त्याचं त्यानं बोलावं."

एवढं सांगून वहिनी पुन्हा भांडी घासायला लागल्या. रडल्या नाहीत. मी मात्र भर अंगणात, लोकांच्या बायका बघत असताना, ओक्साबोक्शी रडलो. गेणूभाऊ, तू वाट बघत होतास रे! आणि मला वाटलं, तू वसुलीला येतोस.

काल सकाळी मी चावडीवर गेलो. मनाचा धडा केला होता. पाटील होते, शेरडंवाले होते, दहा-पंधरा माणसं होती. मी उभा राहून सगळं सांगितलं. तीन वीस, तीन चाळीस, हँडलवर ठेवलेला हात, खोटं वाचून घेतलेला अंगठा. म्हणालो, गेणू झोपला नव्हता. त्यानं ऐकलं होतं. झोपलो असेन तर मी. सांगून झाल्यावर वाटलं, आता कुणीतरी थुंकेल, कुणी धोंडा घेईल.

मग पाटील उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं मन लई मोठं हाय. मेलेल्या मानसाचं नाव राखायला सोताच्या अंगावर घेताय."

मी ओरडलो, "अहो, खरं सांगतोय!"

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," शेरडंवाला म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "आमी काय आंधळं हुतो का? रांजणात मुंडी घालून झोपल्याला आमी बगितलाय न्हवं त्याला. पर तुमी देवमानूस."

दुपारपर्यंत ते गावभर झालं. वाण्यानं मला उठून राम राम घातला. मी खरं बोललो आणि माझं नाव वाढलं, गेणूभाऊ. तुझं होतं तिथंच राहिलं. उलट आता लोक म्हणतात, बघा, किरिस्ताव असून मास्तर एका डुलक्यासाठी किती करतायत.

तसाच वहिनींकडं गेलो. जे झालं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नुसतं बोललात म्हनून. कागुद करा. वरच्या सायबाला धाडा, शाळेच्या पाद्रीसायबालाबी धाडा. तुमची नोकरी जाईल आसं लिवा, मंग गाव खरं मानंल."

रात्री मार्थाला सगळं सांगितलं. तिनं उठून दिव्याची वात वर केली. मग म्हणाली, "नोकरी गेली तर माझ्या भावाकडं जाऊ. लिहा." आज सकाळी लिहायला बसलो. खोटी नोंद कुणी केली, का केली, अंगठा कसा घेतला, सगळं. एकच ओळ चार वेळा खोडली, कारण दर वेळी त्यात माझी थोडी बाजू येत होती. शेवटी ओळ सरळ झाली. खाली सही केली. साक्षीला सगुणावहिनींचं नाव घातलं आणि दुपारी दोन्ही कागद घेऊन तुझ्या घरी गेलो.

वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या. मी कागद उलगडला, शाईची डबी ठेवली आणि वाचायला लागलो. दोन ओळी झाल्या असतील. त्यांनी हात वर केला.

"थांबा, मास्तर. तुमी नगा वाचू."

मला कळेना.

"शेजारची सून चौथी झालीया. तिला हाक मारते. ती वाचंल. मंग देते आंगठा."

राग नव्हता बोलण्यात. भाजी निवडून घ्यावी तितक्या साधेपणानं म्हणाल्या. माझ्या कानशिलात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. आणि गेणूभाऊ, पहिल्यांदाच मला वाटलं की कुणीतरी माझं खरं मानलं.

मी कागद त्यांच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.